झाकलेली कथा

सोलापूरच्या विज्ञान-अद्भुत कथा संमेलनात परिसंवाद आवरायला घंटा वाजवत नाहीत, कुकरची शिट्टी वाजवतात. पहिल्या शिट्टीला वक्त्याने आवरतं घ्यायचं, दुसरीला शेवटचं वाक्य, तिसरीला माईक बंद. मग बोलणारा कितीही मोठा असो, वाक्य अर्धं टाकून त्याला खाली बसावं लागतं. हे संमेलन एकेकाळी कुणाच्या तरी घरात, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत भरायचं, तेव्हाची ही पद्धत. आता सभागृह आलं, भलेमोठे पडदे आले, पण शिट्टी तीच राहिली. दोन शिट्ट्यांच्या मध्ये काय काय चालतं ते विचारू नका. चंद्रावरच्या वसाहतीत सोवळं कसं पाळावं यावरून एका वर्षी दोन प्राध्यापक हातघाईवर आले होते. ड्रॅगनला मराठीत काय म्हणावं हा वाद तर अजूनही मिटलेला नाही.

रेणुका भोसेकर ही या संमेलनाची जुनी मानकरी. अर्धा डझन कथासंग्रह, दोन कादंबऱ्या, आणि मतं मोजण्यापलीकडची. तिला कुणी 'ज्येष्ठ लेखिका' म्हटलं की राग येई, आणि नाही म्हटलं की जास्त येई. दरवर्षी ती मिरजेहून येई आणि तिच्याबरोबर तिचा नवरा श्रीरंग. तो वीज कंपनीत मीटर तपासायच्या कामावरून निवृत्त झालेला, उंच, अबोल माणूस. डावा गुडघा दुखायचा म्हणून तो सभागृहात नेहमी एकाच जागी बसे: चौथी ओळ, डावीकडची कडेची खुर्ची, पाय मोकळा सोडता येईल अशी.

हा श्रीरंग म्हणजे रेणुकाचं गुपित होतं. तिची प्रत्येक कथा आधी त्याला ऐकवली जायची. रविवारी सकाळी चहा झाला की तो आरामखुर्चीत डोळे मिटून बसे आणि ती वाचे. मधूनच तो म्हणे, "हं." बस्स, एवढंच. जिथे 'हं' आलं ते वाक्य राहिलं, जिथे लांबपर्यंत आलं नाही ते पान गेलं. समीक्षकांनी तिच्या घट्ट विणीची फार तारीफ केली होती. ती वीण कुणामुळे हे तिने कुठल्याच मुलाखतीत सांगितलं नव्हतं.

यंदाच्या संमेलनात एक नवलाई होती. प्रत्येक खुर्चीवर कापडाची एक पट्टी ठेवली होती, कपाळाला बांधायची. संमेलनाचे कार्यवाह डॉ. मल्लिनाथ बिराजदार पेशाने मेंदूतज्ज्ञ. त्यांनीच ही 'मेळपट्टी' इथे आणली होती. उद्घाटनाला त्यांनी ती समजावून सांगितली.

"घाबरू नका की ओ," ते म्हणाले, "मनातलं काही वाचत नाही ही. हिच्यातून अगदी सौम्य उजेड कवटीच्या आत जातो आणि मेंदूत कुठे रक्त जास्त धावतंय ते परत येऊन सांगतो. आता बघा, मी एखादी गोष्ट सांगतो तेव्हा माझ्या मेंदूत एक चढउतार चालू असतो. तुम्ही लक्ष देऊन ऐकत असाल, तर तोच चढउतार तुमच्या मेंदूतही उमटतो, फक्त एक-दीड सेकंद मागून. बोलणारा पुढे, ऐकणारा मागे, पण चाल एक. ते पट्टी मोजते. इथे पडद्यावर प्रत्येक खुर्चीचा एक ठिपका आहे. चाल जुळली की हिरवा. लक्ष दुसरीकडे असेल तर राखाडी."

"आणि नारिंगी?" कुणीतरी पडद्यावरच्या तिसऱ्या रंगाकडे बोट दाखवून विचारलं.

"ते मजेशीर आहे. कधीकधी ऐकणारा बोलणाऱ्याच्या पुढे धावतो. पुढचं वाक्य यायच्या आत त्याच्या मेंदूत ते उमटलेलं असतं. पाठ असलेली आरती घ्या. तिथे सगळेच नारिंगी. पण न छापलेल्या नव्या कथेला कोण नारिंगी होणार? ज्याला ती आधीच ठाऊक आहे तोच." मग त्यांनी बोट वर केलं. "एक मात्र लक्षात ठेवा. ही पट्टी आवड मोजत नाही, साथ मोजते. वैरी जर कान देऊन ऐकत असेल तर तोही हिरवाच दिसेल."

लोक हसले. रेणुकाही हसली. तिला आपल्या एका ठिपक्याची खात्री होती.

सकाळचं सत्र कथावाचनाचं. इथे संमेलनाची दुसरी लाडकी प्रथा येते, ती म्हणजे झाकलेली कथा. तिघे जण कथा वाचतात. दोघे स्वतःची, आणि एक जण दुसऱ्याच कुणाची तरी, कधीही न छापल्या गेलेल्या माणसाची. ती कोणाची हे वाचणाऱ्यालाही सांगत नाहीत. दुपारी तिघांचा परिसंवाद होतो, त्यात झाकलेली कोणती ते ओळखायचं, आणि तिसऱ्या शिट्टीनंतर झाकण उघडायचं. तोपर्यंत मूळ लेखकाने घरच्यांजवळसुद्धा ब्र काढायचा नाही. काढला तर कथा बाद.

पहिली कथा वाचली लातूरच्या एका दंतवैद्याने. त्यात परग्रहवासीयांना दात नव्हते आणि कथेलाही फारसे नव्हते. मग रेणुका उभी राहिली.

वाचणाऱ्याच्या पायाशी एक छोटा पडदा ठेवला होता. पहिला परिच्छेद संपता संपता सभागृहभर हिरवा रंग पसरत गेला, शेताला पाणी सोडल्यावर पसरतं तसा. रेणुकाचा आवाज चढला. मग तिने सहज म्हणून चौथ्या ओळीची कड पाहिली. ही कथा श्रीरंगने घरी चार वेळा ऐकली होती. तो ठिपका नारिंगी असणार.

तो राखाडी होता.

तिने पान उलटलं, पुन्हा पाहिलं. राखाडी. नायिका मरते त्या जागी पाहिलं. राखाडी. वर मान करून पाहिलं तर श्रीरंग डोळे मिटून बसला होता, चेहऱ्यावर नेहमीचंच समाधान. टाळ्या भरपूर पडल्या. त्या तिला ऐकू आल्या नाहीत.

खाली उतरताच तिने बिराजदारांना गाठलं. "डॉक्टर, चौथ्या ओळीतली कडेची पट्टी बिघडलीय वाटतं."

"नाही ओ ताई, सकाळी सगळ्या तपासल्या की," ते म्हणाले. "आता बघू, पुढच्या कथेला."

पुढचं वाचन ईशानी जगदाळेचं होतं. ईशानी तिशीतली, गेल्या दोन वर्षांत जिचं नाव जिकडेतिकडे ऐकू यायला लागलं होतं अशी. आवाज खर्जातला, घाई नाही. कथा मंगळावरच्या एका मीटर वाचणाऱ्या माणसाची होती. वसाहत बंद पडलीय, माणसं पृथ्वीवर परतलीत, आणि हा शेवटचा कर्मचारी दारोदार जाऊन विजेची मीटरं बंद करतोय. एका कुलूप लावलेल्या घरातलं मीटर मात्र अजून फिरतंय.

सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. रेणुकाने मोठ्या पडद्याकडे मान वळवली. सगळं हिरवं, आणि त्या हिरव्यात चौथ्या ओळीच्या कडेला एक ठिपका लख्ख नारिंगी. पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत तो एकदाही विझला नाही. तिने वळून पाहिलं. श्रीरंगचे डोळे सताड उघडे होते, आणि ओले होते.

पट्टी बिघडलेली नव्हती.

मीटर! रेणुकाच्या डोक्यात ठिणगी पडली. मीटरच्या गोष्टी त्याच्याजवळ ढीगभर होत्या. लग्नानंतरची काही वर्षं तो त्या सांगायचा, कुठल्या घरात मीटर उलटं फिरत होतं, कुठल्या म्हातारीने मीटरलाच हळदकुंकू वाहिलं होतं. तिनेच एकदा वैतागून "पुरे तुझी मीटरं" म्हटलं होतं, आणि त्याने पुरे केली होती. म्हणजे त्याने त्या गोष्टी आता या ईशानीजवळ नेऊन दिल्या. आणि हिने त्यांची कथा करून त्याला पुन्हा ऐकवली, एकदा नाही, पाठ होईपर्यंत ऐकवली. कुठे? दर गुरुवारी तो वाचनालयात जातो म्हणून जातो, तिथे? तो हिच्यासमोर डोळे उघडे ठेवून बसत असेल का? दुसऱ्या बाईचा हात धरला असता तर एक वेळ समजलं असतं. पण याने कान दिला होता.

जेवणाच्या मांडवात तर कहरच झाला. श्रीरंग ईशानीच्या ताटात शेंगांची चटणी वाढत होता आणि म्हणत होता, "फार छान वाचलंत. थांबायच्या जागा अगदी बरोबर घेतल्यात."

छान! इतक्या वर्षांत रेणुकाला 'हं'च्या वर काही मिळालं नव्हतं. ती त्याला बाहीला धरून बाजूला घेऊन गेली.

"तुझी ओळख आहे तिच्याशी?"

"नाही. आज पहिल्यांदाच बघतोय."

"तिची कथा आधी ऐकली होतीस?"

श्रीरंग जरासा अडखळला. भाकरीचा तुकडा मोडून हातातच ठेवला. "नाही," तो म्हणाला. "ऐकली नव्हती."

"आणि माझी?"

"तुझी तर ऐकलीच होती की. घरी."

"मग झोपला होतास का तिथे?"

"थोडी डुलकी लागली असेल," तो म्हणाला, आणि नजर चुकवून ताकाकडे वळला. नजर चुकवली हे तिने पाहिलं. तिला एवढं पुरेसं होतं.

दुपारच्या परिसंवादात बिराजदार मध्ये बसले, एका बाजूला रेणुका, दुसऱ्या बाजूला ईशानी आणि दंतवैद्य. विषय होता 'कथा कोणाची?'. दंतवैद्यांनी हातवारे करत सांगितलं की झाकलेली कथा रेणुकाताईंनी वाचलेलीच असणार, कारण त्यांची शैली इतकी चांगली कधीच नव्हती. हशा पिकला. एरवी रेणुकाने त्यांना तिथल्या तिथे सोलून काढलं असतं. आज तिने फक्त माईक जवळ ओढला. तेवढ्यात पहिली शिट्टी झाली.

"झाकलेली कथा या दंतवैद्यांनी वाचली ती आहे," ती म्हणाली. "दात नसलेली. ईशानीबाईंची कथा ईशानीबाईंचीच आहे, याला माझ्याकडे पुरावा आहे. सकाळच्या वाचनात या सभागृहातला एक ठिपका अथपासून इतिपर्यंत नारिंगी होता. म्हणजे त्यांनी ही कथा इथे येण्याआधी कुणालातरी वाचून दाखवलीय. एकदा नाही, अनेकदा. इतकी, की त्या गृहस्थांना ती पाठ झालीय. आता हे गृहस्थ कोण, आणि ही वाचनं कुठे होत होती, हे ज्यांचं त्यांनी सांगावं." तिने सभागृहाकडे बोट रोखलं. "चौथी ओळ, कडेची खुर्ची. जरा उभे राहता का?"

सगळ्या माना वळल्या. ते रेणुकाताईंचे यजमान आहेत हे निम्म्या सभागृहाला माहीत होतं, आणि उरलेल्या निम्म्याला शेजाऱ्याने सांगितलं. श्रीरंग खुर्चीच्या हाताला धरून, दुखरा पाय सावरत उभा राहिला. मान खाली.

दुसरी शिट्टी झाली.

"ताई," ईशानी हलकेच म्हणाली, "मी या काकांना ओळखत नाही. आणि ती कथा माझी नाही. झाकलेली कथा मीच वाचली."

मग एका कोपऱ्यातून टाळी वाजली, आणि बघता बघता अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. लोक हसत होते, एकमेकांना कोपराने ढोसत होते. विज्ञानकथांवर पोसलेली माणसं ती. कुणालाही न सांगितलेल्या कथेत जो पुढे धावतो तो तिचा लेखकच असणार, हे गणित त्यांना पटकन सुटलं. व्यासपीठावर एकटी रेणुका मागे राहिली होती. तिला ते सगळ्यांत शेवटी कळलं.

तिसरी शिट्टी कधी वाजली ते कुणाला ऐकू आलंच नाही. बिराजदारांनी माईकमधून ओरडून नाव जाहीर केलं: "श्रीरंग भोसेकर, मिरज!"

त्यानंतरचा तास रेणुकाने एका खांबाशी उभं राहून काढला. श्रीरंगभोवती गराडा पडला होता. बिराजदारांनी त्याला बक्षीस म्हणून मेळपट्ट्यांची जोडी दिली. पुण्याचे एक प्रकाशक, जे रेणुकाचा फोन दोन-दोन दिवस उचलत नसत, ते श्रीरंगच्या खांद्यावर हात टाकून उभे होते. कॉलेजच्या मुलींचा एक घोळका तिच्या दिशेने आला. रेणुकाने सवयीने पर्समधून पेन काढलं.

"तुम्ही श्रीरंग सरांच्या मिसेस ना?" त्यातली एक म्हणाली. "किती लकी आहात!"

परतताना गाडी स्वतःच चालत होती, त्यामुळे रस्त्याकडे बघत बसण्याचं निमित्त दोघांनाही नव्हतं. पंढरपूरचा फाटा मागे पडला.

"मी खोटं बोललो नाही," शेवटी श्रीरंग म्हणाला. "ऐकली नव्हतीच. लिहिली होती."

"कधीपासून लिहितोस?"

"बरीच वर्षं झाली. गुरुवारी, वाचनालयात बसून."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं होतं, रेणू. लग्नाच्या पहिल्याच वर्षी. तू म्हणालीस, घरात एक लेखक पुरे."

"गमतीत म्हणाले असेन."

"असशील. मला ती गंमत वाटली नाही."

रेणुका काचेबाहेर पाहत राहिली. मग तिने तो प्रश्न विचारला ज्याचं उत्तर तिला नको होतं. "माझ्या कथेला तू राखाडी होतास, श्रीरंग. चार वेळा ऐकूनसुद्धा."

"तू वाचायला लागलीस की पहिली दोन-चार वाक्यं मी ऐकतो. मग त्यातला एखादा शब्द मला कुठेतरी घेऊन जातो, आणि माझी सुरू होते. तुझा आवाज चालू असला की मला फार छान सुचतं. तुझ्याशिवाय मला एकही कथा सुचली नसती. खरंच सांगतो."

"आणि ते 'हं'?"

"कुठलं?"

"कुठलं काय विचारतोस! ज्याच्या भरवशावर मी जन्मभर कात्री चालवली ते!"

"ते..." तो ओशाळून हसला. "जमलं की येतं तोंडातून."

"माझं जमलं की?"

श्रीरंग दुखरा गुडघा चोळायला लागला. त्याला धड खोटं बोलता येत नसे.

रेणुकाला आपली गेलेली पानं आठवायला लागली. तिला स्वतःला आवडलेली, रात्ररात्र जागून लिहिलेली, आणि केवळ समोरून 'हं' आलं नाही म्हणून फेकून दिलेली. तेव्हा याच्या डोक्यात मंगळावर मीटर फिरत होतं. बाई असती तर बरं झालं असतं, तिला वाटलं. बाईशी भांडता येतं, तिच्या झिंज्या धरता येतात. कथेच्या झिंज्या कशा धरणार? आणि सगळ्यांत वाईट हे होतं की कथा चांगली होती. मनाच्या तळाशी तिला स्वच्छ ठाऊक होतं की तिच्या कुठल्याही कथेपेक्षा ती चांगली होती.

पुढच्या काही आठवड्यांत मिरजेच्या घरात तसं काहीच घडलं नाही. फक्त रविवारी सकाळी रेणुकाने वाचणं बंद केलं. प्रकाशकांना श्रीरंगकडून संग्रह हवा होता. ते आता रोज फोन करायचे, आणि फोन रेणुकाने उचलला तर "सर आहेत का?" म्हणायचे.

मग एका रविवारी चहा झाल्यावर श्रीरंग आपला पाटीसंगणक घेऊन तिच्यासमोर येऊन उभा राहिला. एखाद्या नव्या उमेदवारासारखा अवघडला होता.

"नवी लिहिलीय," तो म्हणाला. "तू ऐकशील? तुझ्याइतकं कळणारं दुसरं कोण आहे मला?"

नाही म्हणावं असं तिच्या मनात आलं. पण ती काय असेल हे जाणून घेतल्याशिवाय तिला झोप लागली नसती. ती आरामखुर्चीत बसली. त्याने बक्षिसातली एक पट्टी आपल्या कपाळाला बांधली, दुसरी तिच्या.

"कशाला हे?"

"निदान एकाने तरी खरं ऐकलं हे कळू दे आपल्याला," तो म्हणाला. त्याच्या स्वरात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तो तिला झोंबला.

त्याने वाचायला सुरुवात केली. रेणुकाने डोळे मिटले नाहीत. ती एकेक शब्द तपासत होती, घासाघीस करून भाजी निवडावी तसा. कुठे सैल आहे, कुठे उसनं आहे, कुठे माझं चोरलंय. काही सापडत नव्हतं. पाटीच्या कोपऱ्यातला ठिपका लख्ख हिरवा होता, जरासुद्धा न लुकलुकणारा. त्या घरात आजवर कुणी कुणाचं इतकं कान देऊन ऐकलं नव्हतं.

कथा एका अंतराळयात्रिणीची होती. मध्यावर ती खिडकीशी येते. श्रीरंगने आवाज थोडा खाली आणला आणि वाचलं:

"खिडकीतून पृथ्वी इतकी लहान दिसत होती, की तिथे आपलं कुणाशी वैर होतं हेच तिला आठवेना."

तो थांबला. वर पाहिलं.

रेणुकाच्या अंगावर काटा आला होता. 'हं' तिच्या ओठांपर्यंत आलं, अगदी दातांच्या मागे येऊन थांबलं. आपल्याला असं एक वाक्य सुचावं म्हणून तिने काय काय केलं असतं. ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिने ओठ मिटून घेतले.

श्रीरंगने थोडी वाट पाहिली. मग कोपऱ्यातल्या ठिपक्याकडे नजर टाकली. हिरवा. म्हणजे हिने नीट ऐकलंय, पुरतं ऐकलंय, आणि तरीही काही आलं नाही.

"नाही जमलं ना?" त्याने विचारलं.

रेणुकाने कपाळावरची पट्टी सारखी केली.

"मला वाटलंच होतं, जरा जास्त झालंय," तो म्हणाला. त्याने बोट फिरवून ते वाक्य पुसलं, घसा खाकरला आणि पुढचं वाचायला लागला.

पाटीवरचा ठिपका राखाडी झाला. श्रीरंगने तो पाहिला नाही, तो वाचत होता. पुसलेलं वाक्य आता फक्त रेणुकाला पाठ होतं, आणि ते आपल्या कुठल्या कथेत बसेल याचा ती विचार करत होती.